कायदा राज्याचा, लेखणी दिल्लीची

तारापूर एमआयडीसीतल्या कारखान्याच्या सांडपाण्याचा नमुना घ्यायचा म्हणजे बाटली भरली आणि निघालो, असे चालत नाही. प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी आधी कारखानदाराला तपासणीची नोटीस देतो. मग त्याच्यासमक्ष नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्ही भांडी सीलबंद करायची, त्यांवर दोघांच्या सह्या घ्यायच्या आणि एक भाग लगेच मंडळाच्या प्रयोगशाळेत धाडायचा. कारखानदाराने मागणी केली तर दुसरा भाग वेगळ्या प्रयोगशाळेत जातो. ही रीत पाळली नाही, तर अहवाल न्यायालयात पुरावा म्हणून टिकत नाही. रात्री नाल्यात सोडलेले पाणी या सोपस्कारांसाठी थांबत नाही.

ही रीत १९७४ च्या केंद्रीय जल कायद्यातली, कलम २१ ची. महाराष्ट्राने मात्र जलप्रदूषणाविरुद्ध स्वतःचा कायदा त्याच्या पाच वर्षे आधी, १९६९ मध्येच केला होता. त्या कायद्याखाली ७ सप्टेंबर १९७० रोजी राज्याचे मंडळ स्थापन झाले. घटनेनुसार पाणी हा राज्याचा विषय. त्यावर देशासाठी कायदा करताना संसदेने अनुच्छेद २५२ ची वाट धरली. या वाटेने आधी किमान दोन राज्यांनी ठराव करायचे आणि इतरांनी हवे तर मागाहून तो कायदा स्वीकारायचा. महाराष्ट्राने तो १ जून १९८१ पासून स्वीकारला. असा कायदा एकदा स्वीकारला की विधिमंडळाला त्यात काना-मात्राही बदलता येत नाही. दुरुस्ती संसदेनेच करायची. राज्याकडे उरली ती अंमलबजावणी.

ती कशी होते, हे तारापूर एमआयडीसी जिथे आहे त्या बोईसरला दिसते. प्रत्येक कारखान्याचे संमतीपत्र वेगळे: किती पाणी सोडायचे आणि ते कितपत शुद्ध हवे, याच्या अटी त्यात असतात. पुढे सगळ्यांचे पाणी सामूहिक प्रक्रिया केंद्रात, म्हणजे सीईटीपीत येते आणि तिथून नवापूरच्या समुद्रात जाते. जुन्या सीईटीपीची क्षमता दिवसाला २५ दशलक्ष लिटर होती, कारखान्यांचे पाणी त्याहून जास्त. कागदोपत्री एकेकटा कारखाना नियमात बसला, तरी सगळ्यांच्या बेरजेला जागा नव्हती. ५० दशलक्ष लिटरचे नवे केंद्र आले ते नंतर.

त्या बेरजेचा फटका बसला तो खाडीला आणि किनाऱ्याला. नवापूर, आलेवाडी, मुरबे, सातपाटी ही मच्छीमारांची गावे. महाराष्ट्राने २०२३ मध्ये ज्या पापलेटला राज्य मासा ठरवले, त्यासाठी सातपाटी ओळखली जाते. संमतीपत्र मंडळ आणि कारखाना यांच्यातले. त्यात मच्छीमाराला कुठेच जागा नाही. त्याला दाद मागायला हरित लवादाचेच दार उरले, आणि मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये ते ठोठावले. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या प्रदूषण निर्देशांकात तारापूरला ९३.६९ गुण मिळाले, राज्यात सर्वाधिक. सत्तरच्या वर गेलेला पट्टा ‘अतिप्रदूषित’ धरतात. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने शंभरावर कारखान्यांना आणि सीईटीपी चालवणाऱ्या संस्थेला भरपाई लावली. पण भरपाई झाल्या नुकसानीची असते. उद्याचे पाणी ती अडवत नाही.

ते अडवण्याची सोय कायद्यात आहे. कलम ३३-अ खाली मंडळ कारखाना बंद करायला लावू शकते, त्याचे वीज-पाणी तोडायला सांगू शकते. शिवाय वसाहतीत भूखंड देणारी आणि पाणी पुरवणारी एमआयडीसी ही राज्याच्याच १९६१ च्या कायद्याने जन्मलेली. म्हणजे कलमे बदलायला दिल्ली गाठावी लागली, तरी पाण्याची तोटी मुंबईच्याच हातात आहे. सीईटीपी जेवढे पाणी खरोखर स्वच्छ करू शकते, तेवढ्याच हिशेबाने वसाहतीला पाणी सोडायचे, असे राज्याने ठरवले तर बेरीज खाडीपर्यंत पोचण्याआधीच जुळेल. त्यासाठी संसदेच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागणार नाही.