साध्या पानालाही कुलूप हवं

जिओसिटीजवरची हाताने बनवलेली जुनी वेबपेजेस मला फार आवडतात. याहूने अमेरिकेतली ती सेवा २००९ मध्ये बंद केली. तसंच एक पान मी अहेरीबद्दल केलंय : प्राणहितेचे फोटो आणि एसटीचं टाइमटेबल. ना लॉगिन, ना पासवर्ड. मग कुणी चोरणार तरी काय?

चोरणार नाही, पण बदलेल! एचटीटीपी म्हणजे पोस्टकार्ड. ज्याच्या वायफायवरून ते जातं, तो वाचू शकतो आणि खाडाखोडही करू शकतो. त्याने माझ्या पानात खोटी लिंक घुसवली, तर गावचा माणूस माझ्या भरवशावर क्लिक करेल. एचटीटीपीएस म्हणजे सीलबंद पाकीट. त्यासाठी लागणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्ट २०१५ पासून फुकट देतं. त्याची मुदत कमी असते, म्हणून ते आपोआप रिन्यू होईल असं सेटिंग ठेवा.

मात्र ब्राउझर म्हणाला 'सिक्युअर', म्हणजे साइटचा मालक प्रामाणिक, असं मुळीच नाही!

आणि जुन्या पानांची शान, म्हणजे गेस्टबुक! त्यात अभिप्रायाऐवजी कुणी स्क्रिप्ट लिहिली, तर ती पुढच्या वाचकाच्या ब्राउझरमध्ये चालेल. म्हणून आलेला मजकूर एस्केप करूनच दाखवा.

तेव्हा दोस्तहो, आपल्या गावाचं पान जरूर बनवा, पण आधी कुलूप लावा!