हरलेल्या टीमची पुढची मॅच कधी?

मागच्या वर्षी आमच्या कॉलेजची मुलींची फुटबॉल टीम आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेला गेली होती. पहाटे पाचला उठलो. कुणी सबमिशन अर्धवट सोडलं, कुणी रूममेटचे बूट मागून आणले. साडेनऊला मॅच सुरू झाली आणि अकराच्या आत संपलीसुद्धा. सहा-शून्य! (शून्य कुणाचे, हे सांगायला नकोच.) दुपारच्या जेवणाला आम्ही परत होस्टेलच्या मेसमध्ये हजर.

मेसच्या मावशींनी भाजी वाढता वाढता विचारलं, "काय वं पोरीहो, इतक्या लवकर वापस? बरं, मंग आता पुढची मॅच कधी हाय?"

आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत राहिलो. कारण खरं उत्तर होतं, पुढच्या वर्षी! आणि पुढच्या वर्षी आमच्यातल्या चार जणी पास होऊन निघून गेलेल्या असणार होत्या.

तर मित्र-मैत्रिणींनो, मुलींचा फुटबॉल वाढावा, आणि नुसता वाढू नये तर टिकावा, यासाठी काय लागतं याचा मी तेव्हापासून जमेल तसा अभ्यास केला. एवढं वाचून शेवटी लक्षात आलं की मुद्द्याचा प्रश्न मावशींनी आधीच विचारून ठेवला होता. हरलेल्या टीमला पुढची मॅच मिळते का? मिळत असेल तर खेळ टिकतो. नाही तर कितीही बक्षिसं वाटा, काही उपयोग नाही.

एका दिवसाचा फुटबॉल

१५ सप्टेंबर २०१७. मुलांचा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात होणार होता, त्यानिमित्त राज्य सरकारने 'महाराष्ट्र मिशन वन मिलियन' जाहीर केलं. एकाच दिवशी राज्यातल्या दहा लाख मुलामुलींनी फुटबॉल खेळायचा. मी तेव्हा अकोल्याला सातवीत होते. आमच्या शाळेतही नवे कोरे फुटबॉल आले. आम्ही मुली रांगेत उभ्या राहिलो, प्रत्येकीने एक-एक किक मारली, फोटो निघाला. दुसऱ्या दिवशी चेंडू सिस्टरच्या कपाटात गेले आणि कपाटाला कुलूप लागलं. दहावी झाली तरी ते चेंडू नव्यासारखेच होते.

आज मला सिस्टरचा दोष वाटत नाही. शिकवायला कुणी नव्हतं, मुलींना मैदानाची ठरलेली वेळ नव्हती, आणि मुख्य म्हणजे समोर कुठली मॅच नव्हती. मग चेंडू बाहेर काढायचा तो कशासाठी? उत्साह खोटा नव्हता, पण त्याला दुसरा दिवसच नव्हता. आरंभशूर म्हणतात ते हेच.

मी सुट्टीत घरी जाते तो अमरावती-अकोला हायवे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. जून २०२२ मध्ये या रस्त्यावर लोणी ते माना असा ७५ किलोमीटरचा डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला आणि गिनीज बुकात नाव गेलं. इंजिनिअर म्हणून अभिमान वाटतो! पण रस्त्याचं आणि टीमचं शास्त्र वेगळं. डांबर एका रात्रीत बसतं. पायाला चेंडूची सवय एका रात्रीत बसत नाही.

आशियात दुसरे होतो, मग?

हे फार जणांना माहीत नसतं म्हणून मुद्दाम सांगते. १९७५ मध्ये आपल्याकडे महिला फुटबॉलची वेगळी राष्ट्रीय संघटना स्थापन झाली. त्यानंतर पाचच वर्षांनी, १९८० मध्ये, कोळिकोडला झालेल्या आशियाई स्पर्धेत भारताच्या मुली उपविजेत्या ठरल्या. १९८३ मध्ये थायलंडमध्ये पुन्हा उपविजेत्या! म्हणजे आपल्या मुलींना खेळता येत नव्हतं, असं अजिबात नाही.

पण त्यांच्यासाठी राष्ट्रीय पातळीवरची लीग कधी सुरू झाली? २०१७ मध्ये. मधली चौतीस वर्षं शिबिर, स्पर्धा, घरी, असाच क्रम. राष्ट्रीय स्पर्धेत वीसहून अधिक वेळा मणिपूर जिंकलं. गावोगावी क्लब आणि मुलींना सतत मिळणारे सामने, ही त्यांची ताकद.

ऑक्टोबर २०२२ मध्ये मुलींचा सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई. यजमान म्हणून आपल्याला थेट प्रवेश होता. अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३, ब्राझीलकडून ०-५. मुलींनी शिबिरात घाम गाळला होता, पण शिबिर ही मॅच नव्हे. समोरच्या पोरी लहानपणापासून दर आठवड्याला मॅच खेळत आलेल्या. आपण वर्षभर लेक्चर बंक करून पीएलमध्ये पोर्शन संपवायला बघतो ना, तसंच काहीसं!

उलट, जुलै २०२५ मध्ये भारताच्या वरिष्ठ महिला संघाने थायलंडला त्यांच्याच देशात २-१ ने हरवून २०२६ च्या आशियाई कपात जागा मिळवली. पात्रता फेरी जिंकून तिथे पोचण्याची आपली ही पहिलीच वेळ. सगळं श्रेय लीगचं असं मी म्हणणार नाही. पण लीग सुरू झाल्यावर आठ वर्षांनी हे झालं, याची नोंद घ्यायला हवी.

याच्या उलटं उदाहरण इंग्लंडचं. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर 'डिक, कर लेडीज' या कारखान्यातल्या मुलींच्या टीमची मॅच बघायला ५३ हजार लोक आले होते. वर्षभराच्या आत, ५ डिसेंबर १९२१ ला, तिथल्या फुटबॉल असोसिएशनने आपल्या क्लबांना मुलींसाठी मैदान द्यायची बंदी केली. मुलींना खेळू नका असा कायदा केला नाही, फक्त मैदानं काढून घेतली. तेवढं पुरलं. खेळ जवळजवळ पन्नास वर्षं मागे गेला. बंदी उठली १९७१ च्या सुमारास.

साधं गणित

आता आपल्या कामाचं बोलू. समजा आठ टीम आहेत. बाद पद्धतीने स्पर्धा घेतली तर एकूण सात मॅच होतात. त्यातल्या चार टीम एकच मॅच खेळून घरी जातात. म्हणजे निम्म्या मुलींचं वर्ष एका सकाळी संपतं. आणि ज्या टीम कच्च्या, त्यांनाच कमी मॅच! ज्यांना सरावाची जास्त गरज त्यांनाच आपण आधी बाहेर काढतो. मग दर वर्षी त्याच टीम जिंकतात आणि आपण म्हणतो, "बाकीच्यांना इंटरेस्ट नाही."

साखळी पद्धतीत काय होतं? आठ टीम, प्रत्येकीची प्रत्येकीशी एक मॅच, एकूण २८. हरो की जिंको, प्रत्येक टीमला सात मॅच. बाद पद्धत सोपी पडते कारण ती दोन दिवसांत आटोपते आणि खर्च कमी येतो, हे मान्य. म्हणून मोठ्या स्पर्धा तशाच होणार. पण त्या स्पर्धेच्या आधी साखळी आपल्या कॅम्पसवर का होऊ नये?

त्यासाठी पूर्ण मैदान आणि अकरा-अकरा मुली लागत नाहीत. हँडबॉलचं कोर्ट ४० बाय २० मीटरचं असतं. त्यावर पाच-पाच जणी उत्तम खेळतात. शिवाय बावीस जणींत एक चेंडू फिरला तर तासाभरात एकीच्या वाट्याला सरासरी पावणेतीन मिनिटंसुद्धा येत नाहीत. दहा जणींत तीच वाटणी सहा मिनिटांची होते. शिकणारीसाठी हा दुपटीहून जास्त फायदा!

पंधरा-पंधरा मिनिटांचे दोन डाव, मध्ये थोडा श्वास, म्हणजे एक मॅच चाळीस मिनिटांत बसते. एका रविवारी चार मॅच, दोन तास चाळीस मिनिटं. सात रविवारी २८ मॅच पूर्ण. प्रत्येक टीममध्ये राखीव धरून सात जणी, म्हणजे ५६ मुली. चार चेंडू, दोन रंगांचे बिब, शिट्टी, कोन, चुना आणि फर्स्ट-एड पेटी मिळून सुमारे सात हजार रुपये. माणशी १२५. मोबाइलचा रिचार्ज यापेक्षा महाग पडतो!

माती, ऊन आणि पावणेसहाचा सूर्यास्त

वऱ्हाडात खेळायचं तर वऱ्हाडाचं वेळापत्रक पाळावं लागतं. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की तिला भेगा पडतात. सिव्हिलवाल्यांना मॉन्टमोरिलोनाइट आठवत असेल, तोच हा प्रकार. पावसाळ्यात बुटाला किलोभर चिखल आणि उन्हाळ्यात भेगेत पाय मुरगळायची भीती. त्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर. म्हणून आपला खरा सीझन दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. कोर्टावर मुरमाचा थर टाकून पाणी मारून रोलर फिरवला आणि कडेने पाणी वाहून जायला उतार दिला तर जागा बरेच महिने वापरता येते. हिरवळीचं स्वप्न नंतर बघू.

पण डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, आणि प्रॅक्टिकल संपतं पाचला. मुलं अंधारातही थोडा वेळ खेळतात. मुलींना त्याच वेळी गेटच्या आत यायचं असतं. म्हणजे मुलांसाठी आणि मुलींसाठी मैदान एकच असलं तरी वेळ एक नसते. म्हणून रविवारची सकाळ. लीगचं वेळापत्रक आधी छापलेलं असलं की घरी सांगता येतं, "बाबा, सात रविवार, सात ते दहा." कधी सुटेल, कोण सोबत असेल, याचं उत्तर असलं की नाही म्हणणारे बाबाही हो म्हणतात. माझे म्हणाले!

आणखी दोन गोष्टी. मुलींमध्ये गुडघ्याचा एसीएल हा लिगामेंट तुटण्याचं प्रमाण मुलांपेक्षा बरंच जास्त असतं. 'फिफा ११ प्लस' नावाचा वीस मिनिटांचा वॉर्म-अप आहे. धावणं, तोल सांभाळणं, उडी मारून गुडघा आत न वळवता उतरणं, असे साधे व्यायाम. आठवड्यातून दोनदा नियमित केला तर दुखापती जवळपास एक तृतीयांशाने कमी होतात असं अभ्यासात दिसलं आहे. खर्च शून्य. दुसरी गोष्ट, मैदानाजवळ मुलींसाठी उघडं असलेलं, पाणी असलेलं टॉयलेट. हे लिहायला लाजायचं कारण नाही. पाळी आलेली मुलगी तीन तास मैदानावर थांबेल का, हे चेंडूवर नाही, यावर ठरतं.

साखळी टिकते ती माणसांची

इंजिनिअरिंगच्या टीमला एक शाप आहे. दर चार वर्षांनी ती रिकामी होते. म्हणून खेळ टिकवायचा तर खेळाडू घडवतानाच शिकवणाऱ्या घडवायला हव्यात.

नागपूरला विजय बारसे सरांनी २००१ मध्ये झोपडपट्टीतल्या मुलांचा फुटबॉल सुरू केला. 'झुंड' (२०२२) बघून आपण टाळ्या वाजवल्या. पण पडद्यावर मॅच दिसते, त्यामागची वर्षं दिसत नाहीत. त्यांच्या 'स्लम सॉकर'ला २०१६ मध्ये फिफाचा डायव्हर्सिटी अवॉर्ड मिळाला. काम इतकी वर्षं चाललं कारण तिथे खेळलेली मुलं-मुली पुढे तिथेच कोच झाली. रांचीजवळच्या खेड्यांत २००९ मध्ये सुरू झालेल्या 'युवा'चंही तेच. मोठ्या मुली लहान मुलींना शिकवतात. त्यांच्या मुली २०१३ मध्ये स्पेनला जाऊन तिसऱ्या आल्या.

लांब कशाला, आपल्या अमरावतीतच बघा. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून चालू आहे. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी तिथल्या पथकाने आपले देशी खेळ दाखवले. ते एका दिवसाचं वैभव. शंभर वर्षं टिकलं ते रोज उघडणाऱ्या आखाड्यामुळे. आज तिथे शारीरिक शिक्षणाचं कॉलेजही आहे. आपल्या लीगला रेफ्री आणि कोच म्हणून तिथल्या विद्यार्थिनींना बोलावता येईल. त्यांना अनुभव, आम्हाला शिकवण.

आम्ही काय केलं, आणि काय हवंय

त्या सहा-शून्यनंतर आम्ही दुसऱ्या सेमिस्टरला चार टीमची लीग घेतली. अट एकच, प्रत्येक टीममध्ये चारही वर्षांच्या मुली हव्यात आणि सीनिअरने ज्युनिअरला शिकवायचं. सगळं छान झालं असं सांगणार नाही. युनिट टेस्टमुळे दोन रविवार बुडाले. एक टीम मध्येच फुटली, तिच्या मुली बाकीच्या टीममध्ये वाटून घेतल्या. पण जिने आयुष्यात चेंडूला पाय लावला नव्हता अशी फर्स्ट इयरची मुलगी सहाव्या रविवारी गोलमध्ये उभी राहून दोन शॉट अडवत होती. एका मॅचच्या स्पर्धेत ती आम्हाला सापडलीच नसती.

या वर्षी आठ टीम करायच्या आहेत. सर, मॅडम, तुमच्याकडे मागणं तीनच. दिवाळीनंतरचे सात रविवार सकाळी सात ते दहा हँडबॉल कोर्ट मुलींच्या नावावर लिहून द्या. स्पोर्ट्स रूमची एक किल्ली मुलींच्या होस्टेलवर ठेवा (कपाटात बंद चेंडू मी शाळेत पुष्कळ बघितले!). आणि त्या दिवशी गेट साडेसहाला उघडा. हे जमलं तर पुढच्या वर्षी अकोल्याच्या मुलींच्या टीमला बोलवू, नाही तर आपणच जाऊ. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट आहेच.

मावशींनी परवा पुन्हा विचारलं, "मॅच कधी हाय वं?" आम्ही सांगितलं, "रविवारी, सात वाजता." त्या म्हणाल्या, "मंग पोहे साडेसहालेच करून ठेवतो बाप्पा."

नावं मुलींच्या होस्टेलच्या नोटीस बोर्डावर लिहा. खेळता येत नसलं तरी चालेल. गोलकीपर अजून दोन हव्या आहेत.