पाण्यातील जंतू आणि जैवसंवेदक

पाणी डोळ्यांना नितळ दिसले, तरी ते पिण्यास योग्य असेलच असे नाही. पटकी, विषमज्वर यांसारख्या रोगांचे जंतू नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. म्हणून पाण्याची परीक्षा करताना ई. कोलाय या जीवाणूचा शोध घेतात. तो मनुष्याच्या व उष्ण रक्ताच्या इतर प्राण्यांच्या आतड्यात राहतो. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी असले, तरी काही घातक आहेत; शिवाय तो पाण्यात सापडला, की त्यात मैला मिसळला आहे व त्याबरोबर इतर रोगजंतूही आले असण्याचा संभव आहे, असे समजावयाचे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याच्या १०० मिलिलिटर नमुन्यात हा जीवाणू एकही आढळता कामा नये.

तो शोधण्याची प्रचलित रीत अशी, की नमुना गाळून गाळणीवरील जंतूंना पोषक द्रव्यावर उबेत वाढू द्यावयाचे. अनुकूल परिस्थितीत ई. कोलाय सुमारे २० मिनिटांत दुप्पट होतो. या हिशेबाने ८ तासांत एकाचे १ कोटी ६७ लाखांहून अधिक जीवाणू होतात आणि पुढे त्यांचा डोळ्यांना दिसेल असा ठिपका बनतो. ही रीत विश्वसनीय आहे. परंतु उत्तर मिळण्यास साधारण एक दिवस लागतो, आणि तोवर ते पाणी लोकांच्या पोटात गेलेले असते.

हा विलंब कमी करण्यासाठी शास्त्रज्ञ जैवसंवेदकाकडे वळले. विशिष्ट पदार्थ नेमका ओळखणारा जैव घटक आणि त्या ओळखीचे मोजता येईल अशा संकेतात रूपांतर करणारे साधन, यांची जोडी म्हणजे जैवसंवेदक होय. १९६२ साली अमेरिकेतील लेलँड क्लार्क व चँप लायन्स यांनी रक्तातील साखर मोजण्यासाठी अशी रचना मांडली. मात्र साखर आणि जंतू यांत मोठा फरक आहे. रक्ताच्या कोणत्याही थेंबात साखर असतेच. उलट, संवेदकावर मावणारा थेंब १ मायक्रोलिटरचा धरला, तर १०० मिलिलिटर पाण्यात असे १ लाख थेंब होतात. त्यांत एकच जीवाणू असेल, तर नेमका तोच थेंब हाती येण्याचा संभव लाखात एक! संवेदक कितीही सूक्ष्मग्राही असला, तरी थेंबात नसलेला जंतू त्यास कसा सापडणार?

म्हणून जंतू आधी गोळा करावे लागतात. ई. कोलायला चिकटणारी प्रतिपिंडे चुंबकीय सूक्ष्म मण्यांवर बसवून ते मणी पाण्यात ढवळतात व चुंबकाने ओढून घेतात. दुसरी अडचण अशी, की क्लोरीनने मेलेला जंतूही प्रतिपिंडांना चिकटू शकतो. येथे जीवाणुभक्षी विषाणू उपयोगी पडतात. ते जिवंत जीवाणूतच वाढतात व अखेर त्याला फोडतात. फुटलेल्या पेशीतून बाहेर पडणाऱ्या एंझाइमच्या क्रियेमुळे उत्पन्न होणारा विद्युत्प्रवाह मोजता येतो.

इतके करूनही, एखादाच जीवाणू असल्यास त्याला प्रथम काही तास वाढू द्यावे लागते. हे तास कमी करणे, हाच आज संशोधनाचा मुख्य प्रश्न आहे. सकाळच्या नमुन्याचा निकाल दुपारी हाती आला, तर दूषित पाण्याचा पुरवठा संध्याकाळच्या घागरी भरण्यापूर्वी थांबविता येईल.