सिंटॅक्स हायलायटरची घडण आणि देवनागरी चलनामांचा प्रश्न

प्रस्तावना

संगणक प्रयोगशाळेत प्रथमच प्रोग्रॅम लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला अध्यापकांच्या आधी पडद्यावरील रंग मार्गदर्शन करीत असतात. राखीव शब्द एका रंगात, संख्या दुसऱ्या रंगात, कॉमेंट तिसऱ्या रंगात दिसते. रंग बिघडला की आपले काही चुकले, असे तो समजतो. हे रंग ठरविणाऱ्या घटकास सिंटॅक्स हायलायटर म्हणतात. डोळखांबसारख्या ग्रामीण भागातून मराठी माध्यमात शिकून आलेल्या विद्यार्थ्याने चलाला मराठी नाव दिल्यास हा घटक अनेकदा चुकीची साक्ष देतो. त्याची कारणे व उपाय यांचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

पूर्वपीठिका

रंगाने मजकुराची रचना दाखविण्याची रीत आपल्याला नवी नाही. हस्तलिखित पोथ्यांत ‘उवाच’ व श्लोकांक तांबड्या शाईने लिहिलेले किंवा गेरूने रंगविलेले आढळतात. संगणकाच्या क्षेत्रात आयबीएमचे माइक काउलिशॉ यांनी १९८५ मध्ये ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या संगणकीकरणासाठी तयार केलेला संपादक हा या दिशेचा एक आरंभीचा प्रयत्न होय.

कार्यपद्धती

शहापूर तालुक्यात भातसा, तानसा यांसारखे जलाशय आहेत. तरीही तालुक्यातील अनेक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. हा अनुभव घेऊन आलेला विद्यार्थी पायथॉन भाषेत पुढील ओळ लिहितो असे मानू :

फेऱ्या = 20 # उन्हाळ्यातील टँकर

हायलायटर ही ओळ डावीकडून वाचतो आणि तिचे टोकन नावाचे तुकडे पाडतो : चलनाम, चिन्ह, संख्या व कॉमेंट. प्रत्येक प्रकारासाठी एक नियम असतो. तो बहुधा रेग्युलर एक्स्प्रेशनच्या स्वरूपात लिहितात. नियमांचा क्रम येथे निर्णायक ठरतो. अवतरणचिन्हांतील मजकुरात # आले, तर ती कॉमेंट नव्हे. म्हणून स्ट्रिंगचा नियम आधी लागू झाला पाहिजे. अनेक ओळींची स्ट्रिंग असल्यास ओळ संपताना आपण स्ट्रिंगच्या आत आहोत की बाहेर, ही अवस्था नोंदवून ठेवावी लागते. अशी नोंद असली की एक ओळ बदलल्यावर तेथूनच पुढे वाचन सुरू करता येते. नोंदविलेली अवस्था पूर्वीसारखीच आढळली की थांबताही येते.

देवनागरीची अडचण

२००८ मध्ये आलेल्या पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीपासून देवनागरी चलनामे अधिकृतपणे मान्य आहेत. तथापि हायलायटर वेगळ्याच मापाने मोजू शकतो.

१) ‘फेऱ्या’ हा शब्द युनिकोडमध्ये फ, े, ऱ, ्, य, ा अशा सहा चिन्हांचा असतो. त्यांपैकी तीन वर्ण व तीन जोडचिन्हे आहेत. पायथॉनच्या अंगभूत रेग्युलर एक्स्प्रेशनमधील ‘शब्दातील अक्षर’ हा तयार वर्ग मात्रा, काना व हलन्त यांना अक्षर मानत नाही. परिणामी एका शब्दाचे तीन तुकडे होतात आणि मधली चिन्हे चुकीची ठरतात. जावास्क्रिप्टमध्ये याच वर्गात केवळ ६३ रोमन अक्षरे, अंक व अधोरेखा आहेत. तेथे संपूर्ण शब्दच अनोळखी ठरतो.

२) याच्या उलट चूक अंकांबाबत होते. पायथॉनचा ‘अंक’ हा तयार वर्ग २० या देवनागरी आकड्यालाही स्वीकारतो, म्हणून त्याला संख्येचा रंग मिळतो. प्रोग्रॅममध्ये मात्र संख्या म्हणून २० लिहिल्यास पायथॉन ती नाकारतो. म्हणूनच वरील ओळीत 20 लिहिले आहे.

३) ‘फेऱ्या’तील अर्धा र दोन प्रकारे टंकलिखित होतो : ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरून, अथवा साधा र, हलन्त व त्यानंतर एक अदृश्य जोडक वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पायथॉन दुसरा प्रकार नाकारतो. जावास्क्रिप्ट दोन्ही स्वीकारते, पण त्यांना दोन भिन्न नावे मानते.

उपाय

चलनामाचा नियम तयार वर्गावर न सोपविता युनिकोडने दिलेल्या ‘नावाचा आरंभ’ व ‘नावाचा पुढील भाग’ या गुणधर्मांवर आधारावा. दुसऱ्या गुणधर्मात जोडचिन्हांचा समावेश आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पिगमेंट्स या मुक्त हायलायटरमध्ये पायथॉनसाठी हाच मार्ग अवलंबिला आहे. जावास्क्रिप्टमध्ये २०१८ च्या मानकापासून असे गुणधर्म रेग्युलर एक्स्प्रेशनमध्ये थेट वापरता येतात. संख्येच्या नियमात 0 ते 9 हेच अंक स्पष्टपणे लिहावेत. अदृश्य जोडक आढळल्यास तेथे ठळक खूण करावी, म्हणजे विद्यार्थ्याला न दिसणारी चूक दिसेल.

समारोप

हायलायटर प्रोग्रॅम चालवीत नाही; तो केवळ मजकुराचा अर्थ सुचवितो. म्हणूनच त्याने त्या भाषेच्या व्याकरणाशी प्रामाणिक राहिले पाहिजे. शुद्ध ओळीला अशुद्ध ठरविणारा रंग विद्यार्थ्याला नकळत असे शिकवितो की त्याची भाषाच संगणकाला चालत नाही. हा समज एकदा रुजला की तो दूर करणे अध्यापकास कठीण जाते. वरील ओळ व तिची तीन रूपे प्रयोगशाळेतील एडिटरमध्ये टंकलिखित करून पाहणे ही काही मिनिटांची चाचणी आहे. पदवीच्या अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठीही हा विषय आटोपशीर व उपयुक्त आहे.