विजेच्या लोखंडाचा चाकू

मुंबई-गोवा महामार्गावरून रत्नागिरीकडे वळायचं, तर हातखंब्याचा तिठा लागतो. या भागात कुठेही नजर टाका. रस्त्यासाठी कापलेल्या दरडी लाल, घरांचे चिरे लाल, पहिल्या पावसात वहाळाचं पाणीसुद्धा लाल! हा रंग कशाचा, सांगा पाहू? लोखंडाचा! जांभ्या दगडात भरपूर लोखंड असतं, पण ते गंजाच्या रूपात. शहाळं तासायच्या कोयतीतलं लोखंडही अशाच कुठल्यातरी खनिजातून, भट्टीत तापवून काढलेलं असतं.

पण दोस्तांनो, लोखंडाचा आणखी एक पत्ता आहे. तो पायांखाली नाही, डोक्यावर आहे!

रात्री आकाशात उल्का चमकून जाते, ती बहुतेक वेळा वाटेतच जळून संपते. जी जमिनीपर्यंत पोचते तिला म्हणायचं अशनी. बहुतेक अशनी दगडी असतात. २०१२ च्या मे महिन्यात नागपूर जिल्ह्यात काटोलजवळ पडले, ते दगडीच होते. शंभरात जेमतेम पाच-सहा अशनी मात्र लोखंड आणि निकेल यांचे बनलेले असतात. मग अशा लोखंडाचा चाकू करता येईल का?

हा प्रश्न चारशे वर्षांपूर्वी एका बादशहाला पडला होता. १६२१ च्या एप्रिल महिन्यात पंजाबात जालंधरजवळच्या एका गावात सकाळी प्रचंड आवाज झाला आणि आकाशातून लखलखता गोळा खाली आला. तिथल्या अंमलदाराने जमीन खणून लोखंडाचा तुकडा काढला आणि थैलीत घालून, मोहोर लावून बादशहा जहांगीरकडे धाडला. जहांगीरने तो समोर तोलून घेतला. वजन भरलं १६० तोळे, म्हणजे जवळजवळ दोन किलो. ही सगळी हकिकत त्याने आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. लोखंड भट्टीतून काढल्यासारखं तापलेलं होतं असंही तो लिहितो. आजचे शास्त्रज्ञ मात्र इथे मान हलवतात, कारण एवढासा अशनी जमिनीवर येईपर्यंत बराच निवलेला असतो.

जहांगीरने उस्ताद दाऊद नावाच्या कारागिराला हुकूम दिला, ‘याची तलवार, खंजीर आणि चाकू कर.’ पण उस्ताद परत आला तो तक्रार घेऊनच. हे लोखंड हातोड्याखाली टिकत नाही, त्याचे तुकडे तुकडे होतात!

असं का व्हावं? अशनीच्या लोखंडात गंधक आणि फॉस्फरस यांची संयुगं अडकलेली असतात. तापवून घाव घातला, की नेमकी तीच जागा दगा देते. दुसरी अडचण कार्बनची. लोहार तापलेलं पातं पाण्यात किंवा तेलात बुडवतो, त्याला ‘पाणी देणं’ म्हणतात. त्याने पातं कडक होतं, पण लोखंडात पुरेसा कार्बन असेल तरच. आकाशातल्या लोखंडात तो जवळजवळ नसतोच. मग धार टिकणार कशी?

बादशहाने तोड सुचवली : यात दुसरं लोखंड मिसळ. उस्तादाने तीन भाग ‘विजेचं लोखंड’ आणि एक भाग साधं लोखंड घेतलं, आणि काय आश्चर्य! दोन तलवारी, एक खंजीर आणि एक चाकू तयार झाला. पात्यांवर पाण्यासारखी नक्षी उमटली. तलवार वाकवली तरी पुन्हा सरळ व्हायची. यातला चाकू आज अमेरिकेत वॉशिंग्टनच्या फ्रीर संग्रहालयात आहे.

आजचे कारागीरही हीच युक्ती वापरतात. अशनीची चकती पोलादाच्या पट्ट्यांमध्ये ठेवायची, वर टाकणखार टाकायचा, भट्टीत पिवळी-पांढरी होईपर्यंत तापवायची. सुरुवातीला घाव अगदी हलके! थर एकजीव झाले, की पट्टी ठोकून लांबवायची, घडी घालायची, पुन्हा ठोकायची. धारेच्या जागी चांगलं पोलाद ठेवायचं. शेवटी पातं सौम्य आम्लात बुडवलं, की पोलादाचे थर काळवंडतात आणि निकेलवाले चमकत राहतात. मग नक्षी दिसू लागते.

पण या चाकूची एक किंमत मोजावी लागते. लोखंडी अशनी कापून, घासून आम्ल लावलं, तर बहुतेकांमध्ये एकमेकींना छेदणाऱ्या पट्ट्यांची जाळी दिसते. १८०८ मध्ये व्हिएन्नाच्या विडमानश्टेटन यांनी ती पाहिली, म्हणून तिला त्यांचं नाव मिळालं. एखाद्या लघुग्रहाच्या पोटात हे लोखंड निवत होतं, तेव्हा एकेक अंश उतरायला कित्येकदा हजारो वर्षं लागली. त्या सावकाशीची ही खूण! कुठल्याही कारखान्यात ती बनवता येत नाही. आणि भट्टीच्या प्रखर आचेत ती कायमची पुसली जाते.

इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या ममीजवळ सापडलेला खंजीरही अशनीचाच. त्यात सुमारे ११ टक्के निकेल असल्याचं २०१६ मध्ये जाहीर झालं. २०२२ मध्ये जपानी शास्त्रज्ञांना त्याच्यावर ही जाळीसुद्धा दिसली. म्हणजे ३,३०० वर्षांपूर्वीच्या त्या लोहाराने खंजीर कमी आचेवर घडवला होता! जालंधरच्या अशनीचा मात्र न घडवलेला एकही तुकडा अभ्यासाला उरलेला नाही.

म्हणून, समजा तुम्हाला सड्यावर एखादा काळा, आकाराच्या मानाने खूप जड दगड सापडला, तर घण उचलू नका. आधी चुंबक लावून बघा. मग कपाच्या बुडाच्या खरखरीत कडेवर तो घासा. लाल किंवा तपकिरी रेघ उठली, तर तो बहुधा आपला जांभाच! त्याला बुडबुड्यांसारखी भोकं असतील, तर ती एखाद्या जुन्या भट्टीतली मळी असू शकते. यातलं काहीच नसेल आणि चुंबक घट्ट चिकटलं, तर जागा लिहून ठेवा, फोटो काढा आणि विज्ञानाच्या शिक्षकांना दाखवा. आपल्या देशात अशनींचा अभ्यास आणि जपणूक भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था करते. तिच्यापर्यंत तो पोचवता येईल.

चाकू काय, गाडीच्या जुन्या पाट्याचाही फर्मास होतो. कोयत्या त्याच्याच तर करतात! पण कोट्यवधी वर्षांची आठवण जपणारा दगड एकदा भट्टीत गेला, की ती आठवण पुन्हा मिळायची नाही.