पाजल्यावर दहा मिनिटं

भाचीचं बाळ चार महिन्यांचं आहे. परवा ती फोनवर सहज म्हणाली, "मावशी, सकाळची शी आता लंगोटात होतच नाही." एवढ्याशा बाळाच्या बाबतीत हे ऐकून राहवेना, म्हणून सकाळीच तिच्या घरी गेले.

बाळाला न्हाऊ घालायला येणाऱ्या आजींनी तेलाची वाटी अजून हातात घेतली नव्हती. बाळाचं दूध पिऊन झालं होतं आणि त्या नुसत्या त्याच्याकडे बघत बसल्या होत्या. "पाजल्यावर दहा मिनिटं," एवढंच म्हणाल्या. हातपाय झाडणारं बाळ एकदम थांबलं, नजर एका जागी खिळली, कपाळ लालसर झालं. मला ते कळेपर्यंत आजींनी त्याला उचललंही होतं. त्या पाटावर बसल्या, पावलांमध्ये वर्तमानपत्राचा कागद ठेवला आणि बाळाला दोन्ही पावलांवर उकिडवं बसवून त्याची पाठ आपल्या नडग्यांना टेकवली. भेगाळलेल्या टाचा, जोडव्यांच्या जरा वर बाळाचे गुलाबी तळवे, आणि तोंडाने हलकेच "अंऽऽ, अंऽऽ". काम झालं. मग तेल, आंघोळ नेहमीसारखी.

आजींच्या दहा मिनिटांमागे शरीराचं साधं गणित आहे. पोटात दूध गेलं की आतड्यांना चालना मिळते आणि तान्ह्या बाळांत ती जास्तच जोरकस असते.

तरी बालसंगोपनाच्या पुस्तकांत दीड वर्षाआधी घाई नको असं वाचायला मिळतं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ टी. बेरी ब्राझेल्टन यांनी 1962 साली मुलाच्या कलाने जाण्याची ही पद्धत मांडली. त्यांच्या पाहणीतली मुलं दिवसा कोरडी राहू लागली ती सरासरी 28.5 महिन्यांनी. तिथे तेव्हा मुलांना भांड्यावर जबरदस्तीने बसवत आणि शिक्षाही करत. त्यावर हा उतारा गरजेचाच होता. पण पावलांवर धरण्यात जबरदस्ती कुठे आहे? बाळ आखडलं की आजी लगेच उठवतात. पूर्व आफ्रिकेतल्या डिगो लोकांबद्दल 1977 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथल्या आया पहिल्या काही आठवड्यांतच सुरुवात करतात आणि शू करवताना तोंडाने "शूऽऽ" असाच आवाज काढतात. हे अडाणीपणाचं लक्षण मानणं मला पटत नाही.

मला खटकतं ते दुसरंच. आजींचे महिन्याचे पैसे तेल-आंघोळीचे ठरलेत. पाजल्यावरची ती दहा मिनिटं, तो चेहरा वाचणं, त्यात कुणी धरलेलंच नाही. आजीही मागत नाहीत.

भाचीची 26 आठवड्यांची रजा संपत आली आहे. पाळणाघरात डायपर घालूनच पाठवा म्हणतात. एका बाईकडे पाच-सहा बाळं असताना प्रत्येकामागे दहा मिनिटं ती कुठून आणणार? डायपर लावणाऱ्या आईला म्हणूनच मी बोल लावणार नाही.

भाचीने आजींना विचारलं, "मग हे सगळं मोडेल का हो?"

"सकाळचं तू धर की कामावर जायच्या आधी. रोज त्याच वेळेला. झाली तर झाली, नाही तर उठव. रागवायचं नाही."

आता सकाळी पाटावर भाची बसते. बाळाची पाठ नीट टेकली आहे ना, एवढंच आजी बघतात.