अज्जीचा आवाज

आम्ही बेळगावचे, पोटासाठी सुरतेत उधन्याला राहतो. गेल्या उन्हाळ्यात जुना लॅपटॉप मंदावला, आतून टक-टक वाजू लागला. त्यात अज्जीचा आवाज होता, अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलणं. अज्जी आता नाही. दुकानदार म्हणाला, "डिस्क बदलतो, आतल्या फाइलींची गॅरंटी नाही."

मग घरीच बसलो. आधी अज्जीच्या फाइली पेनड्राइव्हवर उतरवल्या. टकटकणारी डिस्क कधी बंद पडेल, नेम नाही. 2.5 इंची साटा एसएसडी आणली. चार्जर, बॅटरी काढली, अंगातली स्थिर वीज जावी म्हणून पितळी नळाला हात लावला. स्क्रू वाटीत ठेवले. जुनी डिस्क हळूच सरकवून काढली, तिची चौकट नवीला बसवली आणि विंडोज नव्याने घातलं.

शेजारच्या बेनचे लग्नाचे फोटो 2006 च्या ऑगस्टात गेले. उकाई धरणातून पाणी सोडलं आणि तापी घरात शिरली. ते आठवून दुसरा पेनड्राइव्ह बेळगावला अण्णाकडे पाठवला. तुमच्याकडे असा आवाज असेल, तर आजच दोन ठिकाणी ठेवा.